फूटपट्टी कुणाच्या हातात?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बाईचं काम मोजलंच जात नाही, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. 1991 च्या जनगणनेत शेतावरच्या आणि घरच्या धंद्यातल्या बिनपगारी कामाचा उल्लेख प्रश्नातच आला, त्यामागे स्त्री-अभ्यासकांचा आणि संघटनांचा रेटा होता. तोच प्रश्न आज जरा वेगळ्या क्षेत्रात विचारू. संशोधन करणाऱ्या बाईचं काम कसं मोजतात?

उदाहरण घेऊ लूसी सचमन यांचं. या मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्यांनी सुमारे 20 वर्षं काम केलं. कंपनीचं फोटोकॉपीचं यंत्र वापरायला सोपं म्हणून मिरवलं जाई. सचमन यांनी ते वापरणाऱ्यांचं चित्रीकरण केलं, तर चांगले शास्त्रज्ञही त्यापुढे गोंधळलेले दिसले. 1987 साली त्यांचं 'प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स' हे पुस्तक आलं. माणूस आखून दिलेल्या योजनेबरहुकूम वागत नाही, समोरची परिस्थिती पाहून वागतो, हे त्यांनी दाखवलं. माणूस आणि संगणक यांच्या व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांना या पुस्तकाची दखल घ्यावीच लागते.

आता मोजमाप पाहू. कोणी कोणाचा संदर्भ दिला, याची सूची यूजीन गारफील्ड यांनी 1964 पासून काढली. 2005 साली जॉर्ज हर्श यांनी 'एच निर्देशांक' सुचवला. दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले, तर निर्देशांक दहा. पण कुणी एकच पुस्तक लिहिलं आणि त्याला पाच हजार संदर्भ मिळाले, तर निर्देशांक फक्त एक! विचारांची दिशा बदलणारं काम या फूटपट्टीत मावत नाही.

फूटपट्टी निःपक्षपाती आहे का? 2017 साली सुमारे 15 लाख लेखांची तपासणी प्रसिद्ध झाली. पुरुष स्वतःच्याच लेखांचे संदर्भ स्त्रियांपेक्षा 56 टक्के जास्त देतात, असं त्यात आढळलं. म्हणजे आकडा फुगतो तो नुसत्या गुणवत्तेने नाही.

सहकार्याचंही तसंच. लेखावर किती जणांची नावं, एवढंच मोजतात. सचमन यांनी जेनेट ब्लॉमबर्ग आणि रँडल ट्रिग यांच्याबरोबर काम केलं, ती नावं सूचीत येतात. पण 1995 च्या 'मेकिंग वर्क व्हिजिबल' या लेखात त्या एका वकिली कचेरीबद्दल लिहितात. तिथे कागदपत्रांची वर्गवारी करणाऱ्यांचं काम वरिष्ठांना बिनडोक वाटे. जवळून पाहिल्यावर कळलं, त्या कामाला पावलोपावली समज लागते. या माणसांनी आपलं काम उलगडून दाखवलं नसतं, तर हा अभ्यास झाला असता का? त्यांची नावं मात्र कोणत्याच मोजणीत नाहीत.

आकडे फेकून द्या, असं मी म्हणत नाही. आकड्यांवरून नेमणुका होतात, बढत्या मिळतात, निधी वाटला जातो. म्हणूनच प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारू या. काय मोजलं? काय वगळलं? आणि काय मोजायचं हे ठरवलं कुणी? आपणही गावोगाव पाहण्या करतो, अहवाल छापतो. ज्या बायकांनी आपल्याला माहिती दिली, त्यांचं श्रेय त्यांच्या संमतीने आपल्या अहवालात नोंदवायची सुरुवात आपल्यापासूनच करू या.