सेकंडहँड पिस्तूल आणि दहा मीटरची जागा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘एअर पिस्तूल : ओळख’ असं छापलं आहे. ते वाचून दोघा-तिघांनी मला गेटवरच गाठलं आणि विचारलं, "साहेब, बँकेतला माणूस आणि पिस्तूल, हे कसं जमलं?" जमलं ते निवृत्तीनंतर. पुण्याला मुलाकडे होतो तेव्हा नातीला बालेवाडीच्या रेंजवर सोडायला जायचो. दोन तास बाकावर बसून कंटाळा यायचा, म्हणून मीही शिकलो. नातीने पुढे दुसरा खेळ धरला, माझा मात्र हा सुटला नाही. माझं पिस्तूलही जुनंच घेतलेलं, गॅसवर चालणारं.

आज हा विषय निघण्याचं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपल्या सोसायटीतल्या नववीतल्या एका मुलीला नेमबाजी शिकायची आहे. तिच्या वडिलांना एक वापरलेलं गॅसचं पिस्तूल पंचेचाळीस हजारांत मिळतंय. त्यांचा प्रश्न, घ्यावं की नाही. आणि आपल्यापैकी काहींचा प्रश्न, सोसायटीत पिस्तूल येऊच कसं द्यायचं. मला दोन्ही प्रश्न रास्त वाटतात. त्या मुलीचं पुढचं वर्ष-दोन वर्षं यावर अवलंबून आहेत, म्हणून नीट बोलू या.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. दहा मीटर एअर पिस्तूल हा १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमधला खेळ आहे. त्यात दारू नाही, काडतूस नाही. साडेचार मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाचा शिशाचा छर्रा दाबाखालच्या हवेने किंवा गॅसने सुटतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्याच्या नळीचा व्यास साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि ज्याची ताकद २० ज्यूलच्या आत आहे, अशा हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. खेळाचं पिस्तूल सहा-सात ज्यूलचं असतं. म्हणजे कायद्याची हरकत नाही.

पण परवाना नाही म्हणून ते खेळणं होत नाही, बरं का. तो छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने जातो, म्हणजे ताशी ५४० किलोमीटर. डोळ्याला लागला तर डोळा गेला. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीची सवय असलेल्या मंडळींना हे पटकन पटत नाही. आणि एक स्पष्ट सांगतो, कारण मागच्या आठवड्यात एकाने मला हसत हसत विचारलं होतं : गच्चीवरच्या वानरांसाठी हे नाही. पोपट-पारव्यांसाठीही नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं.

आता खरेदीकडे येतो. नवं परदेशी पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं, म्हणून जुन्याकडे वळणं साहजिक आहे. जुनं पिस्तूल यंत्र म्हणून फार टिकतं. नळी हजारो छर्र्यांनी झिजत नाही. माझं मत असं, की जुन्या गॅसच्या पिस्तुलात विकत घ्यायची खरी वस्तू पिस्तूल नसतेच, ती असते खालचं सिलिंडर, आणि ते भरून देणारा माणूस. बँकेत आम्ही कर्ज देताना इमारत बघायचो, पण त्याआधी जमिनीचा उतारा बघायचो. इथे सिलिंडर हा उतारा.

का, ते सांगतो. पूर्वीची सामन्याची पिस्तुलं कार्बन डायऑक्साइडवर चालत. नव्वदच्या दशकात दाबलेल्या हवेची आली आणि नेमबाज तिकडे वळले. त्यामुळे बाजारात स्वस्तात मिळणारं चांगल्या कंपनीचं पिस्तूल बहुतेक वेळा गॅसचं असतं. हवेच्या सिलिंडरात २०० बारपर्यंत दाब असतो. गॅसचं तसं नाही. सिलिंडरात कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, वर त्याची वाफ. २० अंश तापमानाला दाब साधारण ५७ बार. द्रव शिल्लक आहे तोवर दाब तेवढाच राहतो, ही त्याची सोय. पण तापमान वाढलं की दाब चढतो. ३० अंशांना तो ७२ च्या आसपास जातो, आणि ३१ अंशांच्या वर तर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही.

युरोपात हे पिस्तूल बनवणाऱ्यांना ३१ अंश म्हणजे कडक उन्हाळा वाटला असेल. आपल्या रोहिणखेडला, घाटाखाली, ३१ अंश फेब्रुवारीतच दुपारी होतात! मे महिन्यात तर बोलायलाच नको. म्हणून आपल्याकडे गॅसचं पिस्तूल वापरायचं तर काही पथ्यं पाळावीच लागतात. सिलिंडर वजनावर भरायचं, त्यावर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढंच. एक ग्रॅमही जास्त नाही, कारण द्रव तापून फुगला की त्याला जागा लागते. भरलेलं सिलिंडर मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवायचं नाही. सराव उन्हाळ्यात सकाळी सात-साडेसातच्या आत. दुपारी सराव केला तर छर्रे वर लागू लागतात, आणि पोरगी समजते आपलाच हात बिघडला. उलट हिवाळ्याच्या पहाटे भराभर वीस-पंचवीस छर्रे सोडले की सिलिंडर गार पडतं, वेग कमी होतो आणि छर्रे खाली येतात. दोन छर्र्यांत मिनिटभर जाऊ द्यावं.

भरण्याचं काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्यायचं. आग विझवायची नळकांडी भरणारे गॅसवाले असतात, त्यांच्याकडे हा गॅस असतो. पण आपल्या पिस्तुलाच्या आट्यांना बसणारा जोड हवा. विकणाऱ्याकडून तो जोड पिस्तुलासोबतच मागून घ्या, नंतर शोधत बसाल. भरण्याआधी रिकामं सिलिंडर फ्रिजमध्ये गार करतात, म्हणजे द्रव मोठ्या बाटलीतून त्यात उतरतो. आमच्याकडे ते कोथिंबिरीच्या डब्याशेजारी असतं. त्यावर घरात जे बोललं गेलं ते इथे सांगत नाही.

आणि एक धोक्याची गोष्ट. गॅसच्या जुन्या पिस्तुलाला हवेचं सिलिंडर लावून बघायचा जुगाड कोणी सुचवला तर हात जोडा. ६०-७० बारसाठी बनवलेल्या यंत्रात २०० बारची हवा सोडायची नाही, आटे जुळले तरी नाही. काही कंपन्या हवेवर चालण्यासाठी बदल करून द्यायच्या. तो बदल कारखान्यातला असेल आणि कागद असेल तरच मानायचा.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. कंपन्या साधारण दहा वर्षं वापराची मुदत देतात, आणि स्पर्धेत मुदत संपलेलं सिलिंडर चालत नाही, ती जबाबदारी खेळाडूची. म्हणून त्या वडिलांना मी सांगितलं, की पंचेचाळीस हजारांतून सिलिंडरची किंमत शून्य धरा, जोवर तारीख डोळ्यांनी वाचत नाही तोवर. त्या मॉडेलचं नवं सिलिंडर आज मिळतं का, कितीला मिळतं, हे विकणाऱ्याला नाही, दुसऱ्या दुकानदाराला फोन करून विचारा. मिळतच नसेल तर ते पिस्तूल शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचं. मुलीला एक मोसमही पुरणार नाही.

गळती तपासायला सोपी युक्ती आहे. भरलेलं सिलिंडर पिस्तुलाला जोडा आणि पिस्तुलासकट सराफाच्या काट्यावर वजन करा. एक दिवस सावलीत ठेवून पुन्हा करा. एक-दोन ग्रॅम कमी भरले तर आतल्या रबरी कड्या गेल्यात. कड्या बदलता येतात, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. चाप तपासा. या खेळात चापाला किमान ५०० ग्रॅमचा ओढ लागतो, त्यापेक्षा हलका करून ठेवला असेल तर स्पर्धेत बाद होतो. लाकडी मूठ बघा. ती आधीच्या माणसाच्या पंजाप्रमाणे तासलेली असते, उजव्या किंवा डाव्या हाताची ठरलेली असते. मोठी असेल तर आपला सुतार तासून देईल, लहान असेल तर लाकडाची लांबी भरून वाढवता येते. पण उजव्याची डावी होत नाही.

कागद मात्र माझ्या जुन्या पद्धतीने बघा. मूळ पावती, आयातीचे कागद, पिस्तुलावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे का. विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि सही केलेली पावती. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतर पाठवा.

आता समजा सगळं जुळलं आणि पिस्तूल घरी आलं. पहिल्या महिन्यात एकही छर्रा सोडायचा नाही. हे ऐकून पोट्ट्यांचे चेहरे पडले, मला इथून दिसतंय! पण शिकवण्याची खरी रीत हीच. सामन्याच्या बहुतेक पिस्तुलांत गॅस न सोडता नुसता चाप ओढायची सोय असते. पांढऱ्या भिंतीकडे तोंड करायचं, लक्ष्य नाही काही नाही. आडवं उभं राहायचं, एक हात खिशात, एका हातात पिस्तूल. पिस्तूल एक किलोच्या आसपास भरतं. घरी पाण्याची लिटरची बाटली हात ताणून तीस सेकंद धरून बघा, म्हणजे कळेल. नजर पुढच्या माशीवर. मागच्या खाचेत माशी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. चाप हळूहळू, वाढत्या दाबाने ओढायचा, आणि खट् झाल्यावरही दोन सेकंद तसंच राहायचं. त्या क्षणी माशी हलली तर चूक कुठे झाली ते तिथेच दिसतं.

लक्ष्याचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा आणि दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. तरी नजर लक्ष्यावर नाही, माशीवर. लक्ष्य अंधुक दिसलं तरी चालतं. नवख्याला हे सर्वात जड जातं. आम्हा म्हाताऱ्यांना हाताच्या अंतरावरची माशी चष्म्याशिवाय दिसत नाही, तिथे डॉक्टरांकडून वेगळा नंबर काढून घ्यावा लागतो. स्पर्धेत ६० छर्रे असतात आणि वेळ सव्वा तास. मुलींनाही २०१८ पासून तेवढेच, आधी ४० असायचे.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी दगा देऊ शकतं, तेही मुलांनी ऐकून ठेवावं. टोकियोत २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक चाप स्पर्धा चालू असताना बिघडला. दुरुस्तीत वेळ गेला, तरी ती ५७५ पर्यंत पोहोचली आणि बारावी आली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ ला पॅरिसमध्ये याच दहा मीटरमध्ये तिने कांस्यपदक घेतलं. त्याच पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राचं दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कांबळवाडी काही शहर नाही. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण जिंकली. आपल्या विदर्भातली पोरं मात्र या खेळात कमी दिसतात. रेंज दूर, हे कारण खरंच आहे.

पण दहा मीटरचा हा एकच प्रकार आहे ज्याला दूर जावं लागत नाही. दहा मीटर म्हणजे तेहेतीस फूट. आपला हा हॉल स्टेजपासून मागच्या भिंतीपर्यंत त्याहून लांब आहे, मी टेपने मोजला आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर आता सोसायटीच्या प्रश्नावर पुन्हा येतो. गच्ची आणि पार्किंग नको, छर्रा भिंतीवरून कुठे जाईल ते सांगता येत नाही. हॉल चालेल, पण अटींवर. लक्ष्याच्या बाजूचं दार आतून कुलूपबंद. लक्ष्यामागे तिरप्या लोखंडी पत्र्याची पेटी, आत जुने कपडे ठासलेले, म्हणजे छर्रा उलटून येणार नाही. हॉलमधल्या प्रत्येकाला चष्मा. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर. थांबताना नळीतून रंगीत दोरी आरपार, म्हणजे दुरूनही कळतं की आत छर्रा नाही. अठराच्या आतल्या मुलांसोबत पालक हजर. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय बिस्किटाला हात नाही.

पिस्तूल घरी कपाटात कुलपात, छर्र्यांचा डबा दुसऱ्या कपाटात, सिलिंडर काढून वेगळं. ही शेवटची अट मोडली गेली तर हॉल बंद करावा, असं ठरावातच लिहून ठेवा, मी सूचक म्हणून सही करतो.

मुलगी पुढे गेली तर जिल्हा आणि राज्य संघटनेत नोंदणी करावी लागेल. अखिल भारतीय पातळीवर नव्या नेमबाजांसाठी मावळंकर स्पर्धा असते. ज्यांच्या नावाने ती भरते ते ग. वा. मावळंकर, पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष, १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही होते. आपल्या मराठी माणसाची ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते.

त्या पिस्तुलाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. काल संध्याकाळी विकणाऱ्याने सिलिंडरचा फोटो पाठवला. दोन सिलिंडरं आहेत. एकाची मुदत केव्हाच संपलेली, दुसऱ्याची अजून चार वर्षं आहे. वडिलांनी पंचेचाळीसवरून अडतीस हजार सांगितलेत, आणि गळती तपासायला रविवारी सराफाकडे जायचं ठरलंय. तोवर मुलीला पाण्याची बाटली दिली आहे. परवा तिने पन्नास सेकंद धरली.