हाताला शिकवायचं कसं?



मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. जनावरांशी माझा रोजचा संबंध फक्त 'माऊस'पुरता! तरी पशुवैद्यकीय शिक्षणावर बोलायला मी का उभा राहिलो, ते आधी सांगतो.

माझी मावसबहीण, आमची ताई, सातारा जिल्ह्यात जनावरांची डॉक्टर आहे. ती इंटर्न असताना एका रात्री म्हैस अडल्याचा निरोप आला. मोठे डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले. ताईने हात घातला, पाय हाताला लागला. पण पुढचा की मागचा? नियम तिला पाठ होता. खुराच्या वरचे दोन मोठे सांधे एकाच दिशेला वाकले तर पुढचा पाय, उलटसुलट वाकले तर मागचा. परीक्षेत तिने तो लिहिलाही होता. त्या रात्री मात्र हाताला काही कळेना. डॉक्टर येईपर्यंत तास गेला. म्हैस वाचली, रेडकू गेलं. मालक एका शब्दाने बोलला नाही, उलट चहा करून दिला. ताई म्हणते, "तो चहा मला अजून गिळवत नाही रे."

भारतात ही पदवी साडेपाच वर्षांची असते, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. म्हणजे सराव नसतो असं नाही. अडचण वेगळीच आहे. एका गाईला किती मुलांनी हात घालून तपासायचं? तिलाही त्रास होतोच. आणि मुलाचा हात आत नेमका कुठे आहे, हे शेजारी उभ्या सरांना दिसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम चालू, पण स्क्रीन बंद!

ही स्क्रीन चालू केली ती सॅरा बेली यांनी. त्या स्वतः पशुवैद्यक. पुढे कॉम्प्युटरकडे वळल्या आणि ग्लासगो विद्यापीठात त्यांनी 'हॅप्टिक काऊ' तयार केली. गाईच्या मागच्या भागाचं मॉडेल, आत बोटाला स्पर्शाचा भास देणारं यंत्र, आणि हात कुठे पोचला ते सरांना पडद्यावर दिसतं. चुकलं तर पुन्हा करायचं, गाय काही तक्रार करत नाही.

दर वेळी इतकं महाग यंत्रच लागतं असं नाही. कापडाचं रेडकू, त्याला नीट वाकणारे पाय आणि आत हात घालायला एक पेटी, एवढ्यावरही हात तयार होतो. तसंच बोलण्याचं. एकाने मालक व्हायचं, दुसऱ्याने डॉक्टर. खर्च किती येईल, जनावर वाचणार नाही, हे कसं सांगायचं, याचाही सराव हवा. त्या रात्री ताईला तेही येत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, सिंगापुरात बसून आपला काय संबंध? इथे २०२४ च्या सप्टेंबरपासून एचडीबीच्या घरात मांजर पाळायला परवानगी मिळाली. मांजर शिंकलं की आपण टॅक्सी करून व्हेट गाठतो. गावाकडे त्याच म्हशीच्या दुधावर मुलांच्या फिया भरल्या जातात, आणि आपल्यातल्याही कुणाकुणाच्या भरल्या गेल्या असतील.

आणि अशी मदत आपल्याकडे नवीन नाही. परळचं 'बैलघोडा हॉस्पिटल' मुंबईकरांना ठाऊक असेल. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून ते उभं राहिलं, आणि त्याच्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आधी दवाखाना, मग कॉलेज! शिकणाऱ्याच्या हाताशी रुग्ण हवा, हे तेव्हाच्या लोकांना कळलं होतं.

आजचा निधी सरावाच्या अशाच साहित्यासाठी आहे. आपण पेटिट नाही, पण कापडाचं एक रेडकू आपल्याला नक्की परवडेल. पुढच्या एखाद्या ताईचा पहिला गोंधळ त्याच्यावर होऊ दे, खऱ्यावर नको.