सेवेसोबत स्वाध्याय



भायखळ्याला रुग्णसेवेची दीर्घ परंपरा आहे. सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय येथे १८४५ मध्ये सुरू झाले, तर १९०२ मध्ये मसिना रुग्णालय स्थापन झाले. या परंपरेचा कणा म्हणजे परिचारिका. अतिदक्षता विभागात डॉक्टरांची फेरी होते. खाटेपाशी अहोरात्र जागी असते ती परिचारिका. घसरणारा रक्तदाब प्रथम तिच्याच लक्षात येतो.

मात्र एकदा घेतलेले शिक्षण आयुष्यभर पुरत नाही. हृदयक्रिया थांबलेल्या प्रौढ रुग्णास आधी कृत्रिम श्वास देण्याचा क्रम पूर्वी शिकविला जाई. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये तो बदलला : आधी छातीवर दाब. २०१५ मध्ये दाबांची गती मिनिटाला १०० ते १२० अशी ठरली. जुन्याच क्रमाने चालणाऱ्या हातांतून, कितीही माया असली तरी, मोलाचे क्षण निसटतात.

भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. पण प्रत्येकीला दोन वर्षे काढता येत नाहीत. रात्रपाळी करून घरी परतणाऱ्या भगिनीसाठी कामाच्या वेळेतच उजळणी हवी, त्या वेळी तिच्या जागी बदली परिचारिका हवी.

दाते यंत्रासाठी उदारपणे देतात. त्यावर नावाची पाटी लागते. प्रशिक्षणाला पाटी नसते. तरीही यंत्राचा इशारा ओळखणारे शिक्षित हातच ते दान सफल करतात.

अभ्यंतर तपांत वैयावृत्त्यानंतर लगेच स्वाध्याय सांगितला आहे. सेवा आणि अध्ययन यांचे हे सान्निध्य समाजाने आपल्या दानातही जपावे.

जय जिनेंद्र.