जुना प्रोसेसर की नवा?
(मंडळाच्या खापर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या अभ्यासिकेतील संगणक जुने झाले आहेत. ते दुरुस्त करून वापरावेत की शिक्षणनिधीतून नवे घ्यावेत, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. हाच प्रश्न आज आपल्यापैकी अनेकांच्या घरीही उभा आहे. निधीतील प्रत्येक रुपया हा कोणा ना कोणा विद्यार्थ्याच्या शुल्काचा रुपया असतो. म्हणून या प्रश्नाचा विचार हौसेने नव्हे, तर हिशेबाने व्हावयास हवा.

प्रोसेसर हा संगणकाचा गणना करणारा भाग होय. तो विहिरीवरील मोटारीसारखा आहे. विहिरीला पाणी नसेल अथवा नळी दोन इंची असेल, तर दहा अश्वशक्तीची मोटार बसवूनही शेत भिजत नाही. संगणकात स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी असेल किंवा फिरती हार्ड डिस्क मंद असेल, तर नवा प्रोसेसरही रिकामाच बसून राहतो. यास्तव प्रथम परीक्षा करावी. नेहमीचे काम चालू असता टास्क मॅनेजर उघडून पाहावे. प्रोसेसरचा आकडा सतत शंभराच्या घरात असेल, तर तो खरोखर अपुरा पडत आहे. स्मृती भरलेली असेल वा डिस्क अडत असेल, तर रॅम वाढवावी आणि एसएसडी बसवावी. पुष्कळ जुनी यंत्रे एवढ्यानेच पुन्हा कामाला लागतात.

दुसरी गोष्ट जुळणीची. प्रोसेसर आवडला म्हणून घेतला, असे येथे चालत नाही. २०१७ साली आलेले इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आदल्या पिढीच्याच मापाच्या सॉकेटचे होते, तरी त्यांना नवा मदरबोर्ड लागला. याउलट एएमडीच्या एएम-४ सॉकेटच्या अनेक जुन्या बोर्डांवर बायॉस अद्ययावत करून रायझेन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसविता आले. २०२२ च्या एएम-५ सॉकेटला मात्र डीडीआर-५ स्मृतीच लागते. म्हणजे एका प्रोसेसरबरोबर बोर्ड आणि स्मृती हीदेखील घ्यावी लागतात. दुकानदाराने सांगितलेली किंमत पुष्कळदा एकट्या प्रोसेसरची असते. आपण विचारावयाची ती संपूर्ण जुळणीची.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी, थोडे अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. तेव्हा त्यापूर्वीची यंत्रे टाकूनच द्यावयाची काय? तसे मुळीच नाही. लिनक्सवर, उदाहरणार्थ सी-डॅकच्या बॉस प्रणालीवर, मराठी टंकलेखन, हिशेब, वाचन आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे होतात. परंतु एखाद्या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमास विंडोजवरच चालणारे सॉफ्टवेअर लागत असेल, तर तेथे काटकसरीचा हट्ट धरू नये.

साधन साधे असले म्हणून कार्य लहान ठरत नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकत्र गुंफून. कामाची वाटणी योग्य झाली, म्हणून त्यांची शक्ती उभी राहिली. आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्यानंतर दाखला, अनुदान, प्रवेश अशी कितीतरी कामे संगणकावर आली. ज्या घरी चालता संगणक नाही, त्या घरचे मूल मागे पडण्याची भीती आहे.

आता स्पष्ट बोलतो, राग नसावा. पुष्कळ घरांत सुरतेस वा पुण्यास शिकावयास निघालेल्या मुलाला नवे यंत्र मिळते आणि त्याचे जुने यंत्र बहिणीच्या वाट्यास येते. मुलगा पत्रे लिहिण्यापुरताच त्याचा उपयोग करीत असेल आणि मुलगी स्थापत्याची त्रिमितीय रेखाटने काढीत असेल, तर ही वाटणी उफराटी आहे. नवा प्रोसेसर कोणाला, हे कामाने ठरावे. वयाने नव्हे आणि मुलगा-मुलगी या भेदाने तर नव्हेच.

खानदेशच्या उन्हाळ्यात जुन्या यंत्राची निगा विशेष राखावी लागते. प्रोसेसर स्वतः सहसा बिघडत नाही. पंख्यात धूळ बसते, त्यावरील उष्णतावाहक लेप वाळतो, वीजपुरवठ्याचा भाग निकामी होतो. वर्षातून एकदा, उन्हाळ्यापूर्वी, सफाई करावी आणि लेप बदलावा. जे खरोखरच निरुपयोगी झाले, ते भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. तत्पूर्वी डिस्कवरील कुटुंबाची माहिती पुसून टाकावी.

तात्पर्य, माझी सूचना अशी : अभ्यासिकेतील प्रत्येक यंत्राची परीक्षा व्हावी, वाचन, टंकलेखन व अर्ज यांसाठी जुनी यंत्रे रॅम व एसएसडी घालून राखावीत, आणि वाचलेल्या रकमेतून, ज्यांच्या अभ्यासास जड गणना लागते अशा विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी एकदोन चांगली नवी यंत्रे घ्यावीत. जुन्याचा त्याग आणि नव्याचा स्वीकार हे दोन्ही विचारपूर्वक झाले, तरच निधी दात्यांच्या हेतूप्रमाणे खर्ची पडेल. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.