डोरेमॉनचा आवाज : नोबुयो ओयामा

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त सॉल्ट लेक, कोलकाता येथे माजी विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी माध्यमाच्या शाळेच्या हीरकमहोत्सवात एका जपानी अभिनेत्रीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्तच म्हणावा लागेल. त्याचे उत्तर सॉल्ट लेकमधल्या कोणत्याही मराठी घरात संध्याकाळी मिळते. तिथले मूल आजीशी मराठीत बोलते, खाली अंगणात बांगलात भांडते आणि वर येऊन दूरचित्रवाणीसमोर बसले की बाविसाव्या शतकातून आलेल्या एका निळ्या, कान नसलेल्या मांजराचे बोलणे हिंदीत ऐकते. या मांजराला मूळ जपानीत सव्वीस वर्षे ज्या बाईंनी आवाज दिला, त्यांचे नाव नोबुयो ओयामा. त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते शाळेत, आणि म्हणूनच हा विषय या व्यासपीठावर परका नाही.

ओयामा यांचा जन्म १९३३ साली टोकियोच्या शिबुया भागातला. आवाज जन्मापासूनच घोगरा, भरड. मुलीच्या तोंडून असा आवाज ऐकण्याची कोणाला सवय नव्हती. माध्यमिक शाळेत गेल्यावर त्याची चेष्टा सुरू झाली आणि ही बोलकी मुलगी हळूहळू गप्प झाली. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी अशी मुले प्रत्येक शाळेत असतात. तोतरे बोलणारे असते, गावाकडचा हेल काढणारे असते, एखाद्याचा आवाज फार बारीक असतो. शिक्षकांना ती ‘शांत’ वाटतात, आणि प्रगतिपुस्तकात तसा शेराही पडतो.

ओयामांच्या आईने मात्र मुलीच्या गप्प बसण्याचा अर्थ ओळखला. तिने सांत्वन केले नाही, आवाज गोड आहे असा खोटा धीरही दिला नाही. तिचे म्हणणे साधे होते : हात किंवा पाय अधू आहे म्हणून तो जपून ठेवला तर तो आणखी दुबळा होतो, आवाजाचेही तसेच, तेव्हा रोज आवाज वापरावा लागेल असे काहीतरी कर. या सल्ल्यावरून मुलगी शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळात दाखल झाली. ज्या आवाजाला वर्ग हसत होता, तोच आवाज मायक्रोफोनपुढे उभा राहिला. इथे आईइतकेच श्रेय शाळेकडेही जाते. सल्ला आईचा खरा, पण शाळेत असे मंडळ नसते, किंवा ‘हा आवाज चालणार नाही’ असे कोणी म्हटले असते, तर त्या सल्ल्याचा उपयोग काय झाला असता?

पुढे ओयामांनी टोकियोतील हाइयुझा या नामांकित नाट्यसंस्थेच्या अभिनयशाळेत शिक्षण घेतले. १९५७ मध्ये ‘लॅसी’ या अमेरिकन मालिकेच्या जपानी रूपांतरात त्यांनी प्रथम आवाज दिला. जपानमध्ये दूरचित्रवाणी तेव्हा नवी होती आणि परदेशी मालिकांना जपानी आवाज हवे होते. त्यातही मुलग्यांच्या भूमिकांची एक अडचण होती. बारा-तेराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो, मालिका मात्र वर्षानुवर्षे चालते. म्हणून अशा भूमिका मोठ्या स्त्रियांकडे जाऊ लागल्या, आणि शाळेत हास्यास्पद ठरलेला घोगरा आवाज अचानक मोलाचा झाला. १९६० साली एनएचकेच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमात तीन डुकरांपैकी एकाचा आवाज त्यांचा होता. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘साझाए-सान’ या मालिकेत कात्सुओ या खोडकर मुलाचा पहिला आवाजही त्यांचाच.

‘डोरेमॉन’ १९७३ मध्ये एकदा पडद्यावर येऊन गेला होता. तेव्हा आधी कोसेई तोमिता आणि नंतर मासाको नोझावा यांनी त्याला आवाज दिला. ती मालिका अल्पकाळ चालली. एप्रिल १९७९ मध्ये नवी मालिका सुरू झाली आणि भूमिका ओयामांकडे आली. कथेचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांनी त्यांचे काम ऐकून, डोरेमॉनचा आवाज असा होता तर, अशा आशयाचे उद्गार काढल्याची आठवण ओयामा सांगत. पात्र ज्याने निर्माण केले, त्यालाच त्याचा आवाज दुसऱ्याकडून कळावा, यापेक्षा मोठी पावती कलावंताला मिळत नाही.

ओयामांनी या पात्राविषयी एक निर्णय स्वतः घेतला होता. डोरेमॉन हा मुलाला सांभाळण्यासाठी पाठवलेला यंत्रमानव. तेव्हा तो उद्धट बोलणार नाही, असे त्यांनी ठरवले. संहितेतले आडदांड शब्द त्या बदलून घेत, आणि स्वतःची ओळख करून देतानाही त्यांचा डोरेमॉन आदरार्थी क्रियापद वापरी. बालकार्यक्रमांतली आजची भाषा ऐकताना हा हट्ट पालकांनी जरूर आठवावा.

२००१ मध्ये त्यांना कर्करोगाने गाठले. त्यातून उठून त्या पुन्हा कामाला लागल्या. मार्च २००५ मध्ये पाचही प्रमुख कलावंत एकाच वेळी निवृत्त झाले आणि डोरेमॉनचा आवाज वासाबी मिझुता यांच्याकडे गेला. योगायोग असा, की त्याच वर्षी डोरेमॉन भारतात हिंदीतून बोलू लागला. इथल्या मुलांनी ऐकला तो सोनल कौशल यांचा आवाज. परंतु आरंभी इथे दाखवलेले भाग जुन्या जपानी मालिकेतले होते. म्हणजे ओयामा जिथे थांबल्या, जिथे हसल्या, जितका वेळ एक वाक्य लांबवले, त्याच मापात हिंदी शब्द बसवावे लागले. शब्द बदलले तरी विरामांवर त्यांचा ठसा राहिला. ‘निंजा हातोरी’ला हिंदी आवाज देणाऱ्या मेघना एरंडे तर मराठीच, तरीही हातोरीवर जीव टाकणाऱ्या किती मराठी मुलांना हे नाव ठाऊक असेल? वडीलधाऱ्यांना मुंबई आकाशवाणीवरचे ‘पुन्हा प्रपंच’ आठवत असेल. टेकाडे भावजी घरोघरी परिचयाचे होते, पण बाळ कुडतरकर रस्त्यात दिसले असते तर ओळखले असते का?

सॉल्ट लेकमध्ये बोलताना शेजारच्या देशातली एक हकीकत सांगायला हवी. फेब्रुवारी २०१३ मध्ये बांगलादेश सरकारने हिंदीतल्या ‘डोरेमॉन’चे प्रसारण थांबवले. मुले बांगलाऐवजी हिंदी बोलू लागली, ही तक्रार होती. ही काळजी मराठी पालकांना अनोळखी नाही. मात्र बंदीने मुलांच्या कानात भाषा भरत नाही. पुढे तिथे हेच मांजर बांगलात बोलू लागले. कोणीतरी मायक्रोफोनपुढे उभे राहून आपल्या भाषेत बोलले, तेव्हाच ते झाले.

निवृत्तीनंतर ओयामा ध्वनिकलांच्या एका विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. २००८ मध्ये मेंदूच्या विकाराचा झटका आला. तरी सत्त्याहत्तराव्या वर्षी, २०१० साली, त्यांनी ‘दांगानरोन्पा’ या संगणकीय खेळात मोनोकुमा नावाच्या क्रूर अस्वलाला आवाज दिला. डोरेमॉनची पुण्याई वाचवत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

२०१२ मध्ये स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. पती केइसुके सागावा हे स्वतः एनएचकेच्या बालकार्यक्रमातले पहिले ‘व्यायामाचे दादा’. त्यांनी ही गोष्ट तीन वर्षे जगापासून लपवली. मे २०१५ मध्ये त्यांनी ती रेडिओवर उघड केली आणि त्याच वर्षी पत्नीविषयी पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या नावातच, पत्नी आता आपली मुलगी झाली आहे, असे त्यांनी म्हटले. या दांपत्याच्या घरात मूल नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नावाचे वजन कळते. २०१७ च्या जुलैत सागावा आधी गेले.

ओयामा २९ सप्टेंबर २०२४ रोजी, नव्वदाव्या वर्षी निवर्तल्या. बातमी बाहेर आली ती ऑक्टोबरात. सव्वीस वर्षे डोरेमॉनला रडत हाक मारणारा नोबिता, म्हणजे नोरिको ओहारा, त्याच वर्षी जुलैमध्ये गेल्या होत्या.