शुश्रूषा करणाऱ्यांनाही समितीत स्थान असावे



रुग्णास सुटी मिळते तेव्हा आमच्या दप्तरी नोंद पूर्ण होते. घरची शुश्रूषा मात्र तेथूनच सुरू होते. वर्धा जिल्ह्यास शुश्रूषेचे मोल नव्याने सांगावयास नको. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरुग्ण परचुरेशास्त्रींची सेवा गांधीजींनी स्वहस्ते केली. तीच सेवा आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडील अनेक माता-भगिनी आज वर्षानुवर्षे करीत आहेत. त्यापायी त्यांची मजुरी बुडते आणि स्वतःचे दुखणे अंगावर काढले जाते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने विनामोबदला सेवा करणाऱ्या कुटुंबीयांनाही काळजीवाहक मानले आहे. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आहे. राज्य सल्लागार मंडळ व जिल्हास्तरीय समिती याच कायद्याने सांगितली आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातील स्थानिक समितीवर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. काळजीवाहकासाठी स्वतंत्र जागा नाही.

आमची नम्र विनंती अशी की, या समित्यांनी प्रत्येक बैठकीस किमान एका काळजीवाहकास प्रवासखर्च देऊन निमंत्रित करावे. भत्ता, घरी येणारी परिचारिका आणि काळजीवाहकास चार दिवस विसावा देणारी सोय हे विषय कार्यसूचीवर घ्यावेत. गरज कोठे आहे हे जो रोज पाहतो, त्याला विचारल्यावाचून निधी योग्य घरी पोहोचत नाही. ही मागणी आपणही आमच्यासोबत मांडावी.