अरण्याची काटकसर आणि पाऊस

पाऊस पडतो म्हणून अरण्य वाढतें, हें शाळेंतील मुलेंहि सांगतील. परंतु अरण्य उभें असतें म्हणूनहि पाऊस पडतो, ही गोष्ट तितकी परिचित नाहीं.

दक्षिण अमेरिकेंतील अॅमेझॉन नदीचें खोरें हें याचें सर्वांत मोठें उदाहरण होय. अटलांटिक महासागरावरून येणारे वारे तेथें बाष्प आणतात. तें पाऊस होऊन पडतें. झाडें तें पाणी मुळांनीं शोषून पानांवाटे पुन्हा हवेंत सोडतात, आणि तेंच बाष्प पश्चिमेकडे जाऊन पुन्हा बरसतें. रहाटगाडग्याचीं मडकीं भरावीं व रितीं व्हावीं, तसा हा क्रम थेट अँडीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत चालतो. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सलाती व त्यांचे सहकारी यांनीं पावसाच्या पाण्यांतील जड व हलक्या प्राणवायूचें प्रमाण तपासून १९७९ मध्यें असें दाखविलें कीं, तेथील सुमारें अर्धा पाऊस अरण्यानेंच परत केलेल्या पाण्याचा असतो.

आतां कर्बाम्ल वायूकडे, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडकडे, वळावयाचें. पानावर अतिसूक्ष्म रंध्रें असतात. त्यांतून हा वायु आंत येतो, आणि त्याच दारानें झाडाचें पाणी वाफ होऊन निसटतें. दार उघडावें तर पाणी जातें, मिटावें तर उपासमार होते! हवेंत तो वायु विपुल झाला, कीं दार किलकिलें ठेवूनहि झाडाचें भागतें. झाडाच्या दृष्टीनें हा शहाणपणाच. परंतु पूर्वेकडील झाडाची ही काटकसर पश्चिमेकडील झाडाच्या मुळावर येते.

यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें २८० भाग होता. चार्ल्स कीलिंग यांनीं १९५८ मध्यें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी आरंभिली, तेव्हां तो सुमारें ३१५ भरला. २०२४ मध्यें ४२० च्या वर गेला.

याचा परिणाम सर्वत्र सारखा नाहीं, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. वाफ कमी सुटली म्हणजे जमीन अधिक तापते. बोर्निओसारख्या बेटांभोंवतीं समुद्र असल्यानें तापलेली भूमि सागरावरील दमट हवा ओढून घेते, व तेथें पाऊस वाढावा असें २०१८ मधील संगणकी गणितें सांगतात. अॅमेझॉनच्या अंतर्भागीं समुद्र दूर. तेथें तो घटतो. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका गणिताप्रमाणें हा वायु दीडपट झाल्यास केवळ पानांच्या या वर्तनानें तेथील पाऊस शेंकडा सुमारें १२ नें उणा होईल. सर्व अरण्य तोडून कुरणें केलीं तरी घट शेंकडा ९ च्या आसपासच येते!

झाडें अधिक पानें फोडून ही उणीव भरून काढतील, अशी आशा कोणी बाळगतात. पण तेथील बहुतेक जमिनींत स्फुर फार थोडें, आणि नुसत्या हवेवर झाड पोसत नाहीं.

ऑक्टोबर २०२३ मध्यें मनाऊस शहराजवळ रिओ नेग्रो नदीची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींत सर्वांत खालीं गेली, व २०२४ मध्यें त्याहूनहि खालीं. होड्या चिखलांत रुतल्या. ज्या गांवांस नदी हाच रस्ता, त्यांचें धान्य व औषध अडलें. या अवर्षणाचें खापर पर्णरंध्रांवर फोडणें मात्र न्याय्य नव्हे. २०२३ मध्यें एल निनो आणि वाढलेली उष्णता हीं कारणें उघड होतीं. पानांचा वांटा किती, हें निराळें मोजावें लागेल. त्यासाठींच मनाऊसच्या उत्तरेस जुन्या वृक्षांभोंवतीं उंच मनोऱ्यांचीं कडीं उभारलीं आहेत. त्यांतून अधिक कर्बाम्ल वायु सोडून वर्षानुवर्षें पानें पाहावयाचीं, अशी योजना आहे.